श्वासाचा लगाम कुणाच्या हाती?

हृदय शरीरातून बाहेर काढले तरी योग्य द्रावणात ते काही काळ धडधडत राहते. ठोक्याची लय त्याच्या स्वतःच्या स्नायूंतच असते. फुप्फुसांचे तसे नाही. त्यांना आपणहून फुगता येत नाही, लय धरता येत नाही. छातीत जाणारा प्रत्येक श्वास मेंदूने धाडलेल्या आदेशामुळे घडतो. तो आदेश पोहोचला नाही, तर धडधाकट फुप्फुसेही जागच्या जागी थांबतात आणि काही मिनिटांत जीव जातो. निवांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो, दर वेळी सुमारे अर्धा लिटर हवा. म्हणजे दिवसाला वीस हजारांच्या आसपास आदेश सुटतात आणि त्यांतल्या फारच थोड्यांची आपल्याला जाणीव होते.

हे आदेश कुठून निघतात, कोणत्या वाटेने जातात आणि कशाच्या आधारावर बदलतात, याचा शोध दोनशेहून अधिक वर्षे चालू आहे. त्याचा आढावा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जीव गुदमरल्यासारखा वाटणे आणि शरीराला ऑक्सिजन कमी पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळदा त्या एकत्र येतात, पण नेहमी नाही. जिथे त्यांची फारकत होते, तिथे माणसे हकनाक दगावतात. म्हणून हा विषय डॉक्टरांपुरता ठेवून चालणार नाही.

आदेश निघतो कुठून?

ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधणाऱ्या गॅलेनला दुसऱ्या शतकातच एक धागा सापडला होता. प्राण्यांच्या मज्जारज्जूवर त्याने वेगवेगळ्या उंचीवर छेद घेतले. मानेत अगदी वर छेद घेतला की श्वास तत्क्षणी थांबे. मानेच्या तळाशी घेतला, तर छातीचे स्नायू लुळे पडत, पण श्वासपटल हलत राही. १८११-१२च्या सुमारास फ्रान्समध्ये लगालवा यांनी सशाच्या मेंदूचे वरून खाली एकेक काप काढत नेले. मोठा मेंदू गेला, लहान मेंदू गेला, तरी ससा श्वास घेतच होता. लंबमज्जेत, व्हेगस मज्जातंतू जिथून निघतो त्या पातळीला सुरी पोहोचली आणि श्वास थांबला. म्हणजे जगण्याला लागणारा श्वास विचार करणाऱ्या मेंदूवर अवलंबून नाही. तो मेंदूच्या देठातल्या छोट्याशा जागेतून येतो.

१९२३ मध्ये लम्सडेन यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की लंबमज्जेच्या वर असलेल्या सेतूमध्येही श्वासाला वळण लावणारी केंद्रे आहेत. ती लंबमज्जेपासून तोडली की लय बिघडते आणि श्वास हापकत येऊ लागतो. खुद्द लय कुठे जन्मते, हे मात्र कळायला १९९१ साल उजाडावे लागले. स्मिथ, फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी नवजात घुशींच्या लंबमज्जेचा पातळ काप द्रावणात जिवंत ठेवला. शरीर नाही, फुप्फुसे नाहीत, तरी त्या कापातून श्वासाच्या तालावर विद्युत्‌संदेश निघत होते. या जागेला प्री-बॉट्झिंगर संकुल म्हणतात. तिथे जेमतेम काही हजार चेतापेशी असतात. पुढे प्रौढ घुशींमध्ये यातल्या नेमक्या पेशी गप्प केल्या, तेव्हा श्वास बंद पडला. अफूजन्य औषधांचा अतिरेक झाला की माणूस श्वास घ्यायचा थांबतो, त्यामागेही ही आणि हिच्या शेजारची केंद्रे मंदावणे हेच कारण आहे.

आदेशाची वाट

लंबमज्जेतला आदेश मज्जारज्जूतून खाली उतरतो. मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मुळांतून फ्रेनिक मज्जातंतू निघतो आणि थेट श्वासपटलाला जाऊन मिळतो. निवांत श्वासातले बहुतेक काम हा एक स्नायू करतो. अपघातात मानेचा वरचा भाग मोडला तर कृत्रिम श्वासाशिवाय माणूस वाचत नाही, आणि चार बोटे खाली मोडला तर स्वतःचा श्वास घेऊ शकतो, ते यामुळेच. मात्र त्याला खोकण्याचे बळ राहत नाही, कफ साठतो, आणि पुढे न्यूमोनिया हा मोठा धोका ठरतो.

वाट तुटली तरी केंद्र आणि फुप्फुसे शाबूत असू शकतात. हे ओळखण्यातून आधुनिक अतिदक्षता विभाग जन्माला आला. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने हवा भरण्याचा मार्ग भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी दाखवला. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून दिवसरात्र रबरी पिशव्या दाबत राहिले. आजाराचे औषध कोणाकडेच नव्हते. श्वास चालू ठेवला आणि माणसे जगली.

महाराष्ट्रात हाच धडा दोन ठिकाणी लागू पडतो. पहिले ठिकाण मण्यार. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. वेदना जवळजवळ नसते, सूज नसते. तिचे विष मज्जातंतू स्नायूला जिथे संदेश देतो, त्या टोकावरच घाव घालते. सुरुवातीला पापण्या मिटू लागतात, मग घोट गिळवत नाही, आवाज बदलतो, शेवटी श्वासपटल थांबते. असा रुग्ण शुद्धीवर असतो, सगळे ऐकत असतो, फक्त हलू शकत नाही. प्रतिविष लवकर मिळाले आणि वेळेवर कृत्रिम श्वास लावला, तर तो ठणठणीत होऊन घरी जाऊ शकतो. पापण्या जड होणे हे झोपेचे लक्षण समजून सकाळपर्यंत थांबणे जिवावर बेतते.

दुसरे ठिकाण फवारणी. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गेनोफॉस्फरस गटातली विषे श्वासावर तिन्ही बाजूंनी हल्ला करतात. मेंदूतले केंद्र मंदावते, श्वासनलिका आवळून स्रावांनी भरतात आणि स्नायू आधी थरथरून मग लुळे पडतात. ॲट्रोपीन स्राव आटवते, पण लुळ्या स्नायूंना त्याचा उपयोग नाही. त्यातही दगा देणारा टप्पा पुढेच असतो. रुग्ण सावरल्यासारखा वाटतो, आणि एक ते चार दिवसांत पुन्हा दुर्बलता येते. त्याची पहिली खूण साधी आहे: उशीवरून मान उचलता येत नाही. फ्रेनिक मज्जातंतू मानेतूनच निघतो. मान उचलवत नसेल, तर श्वासपटलाचीही खात्री उरलेली नाही, असे समजून त्या रुग्णाला नजरेआड होऊ देऊ नये.

पहारा कशावर?

केंद्राला कळते कसे, की आता जास्त हवा हवी? सहज सुचणारे उत्तर म्हणजे ऑक्सिजन कमी झाला की. इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॅल्डेन यांनी हवाबंद पेट्यांत स्वतःला कोंडून घेत या उत्तराची परीक्षा पाहिली. १९०५ मध्ये त्यांनी आणि प्रीस्टली यांनी दाखवले, की वायुकोशांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण अवघे ०.२ टक्क्याने वाढले की श्वासाचे एकूण प्रमाण दुपटीला पोहोचते. ऑक्सिजनमध्ये तेवढाच फरक पडला तर श्वासाला पत्ताही लागत नाही.

कारण असे, की कार्बन डायऑक्साइड रक्तातून मेंदूभोवतीच्या द्रवात सहज झिरपतो आणि तिथली आम्लता वाढवतो. लंबमज्जेच्या पृष्ठभागाजवळच्या पेशी ही आम्लता टिपतात आणि श्वास वाढवतात. वायू बाहेर पडला की आम्लता उतरते. निरोगी माणसात रक्तातला त्याचा दाब ४० मिलिमीटरच्या आसपास किती काटेकोरपणे राखला जातो, हे पाहिले की या यंत्रणेचे मोल कळते.

मग ऑक्सिजनवर कुणाची नजर? मानेत जिथे मुख्य रोहिणी दुभंगते, तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी एकेक गाठ असते, कॅरोटिड बॉडी. तिच्या वजनाच्या मानाने तिला मिळणारा रक्तपुरवठा शरीरातल्या जवळपास कोणत्याही अवयवापेक्षा जास्त असतो. माद्रिदमध्ये फर्नांडो दे कास्त्रो यांनी १९२०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली तिची रचना पाहून ही रक्ताची चव घेणारी जागा असावी, असे मांडले. बेल्जियममधल्या गेंट इथे कॉर्नेल हेमन्स यांनी ते प्रयोगाने सिद्ध केले आणि त्यांना १९३८चे नोबेल मिळाले. मात्र हा पहारेकरी उशिरा ओरडतो. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ६० मिलिमीटरच्या खाली घसरला, म्हणजे रक्ताची संपृक्तता नव्वद टक्क्यांच्या आसपास आली, की मगच तो खरा जोर लावतो. आणि तेव्हा कार्बन डायऑक्साइड कमी असेल, तर त्याच्या हाकेलाही धार राहत नाही.

जाणीव फसवते तेव्हा

उन्हाळ्यात विहिरीत, तळ्यात पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो याच्या पैजा लागतात. त्याआधी मुले भराभर खोल श्वास घेतात. त्यांना वाटते, ऑक्सिजन साठतो. प्रत्यक्षात रक्त आधीच ऑक्सिजनने जवळपास पूर्ण भरलेले असते, त्यात फारशी भर पडत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि श्वास घ्यायला लावणारी हाकच त्याच्याबरोबर निघून जाते. मग पाण्याखाली मुलाला कसलीच तगमग जाणवत नाही. ऑक्सिजन संपत जातो आणि गुदमरल्याची भावना येण्याआधीच शुद्ध हरपते. उत्तम पोहणारेही असे बुडतात, तेही आवाज न करता. पोहायला शिकवणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी सांगावी, अशी ही गोष्ट आहे.

२०२० मध्ये कोविडच्या साथीने हेच सत्य घराघरांत आणून ठेवले. संपृक्तता धोक्याच्या खाली गेलेली आणि रुग्ण मात्र फोनवर निवांत बोलत बसलेला, असे दृश्य डॉक्टरांनी अनेकदा पाहिले. फुप्फुसांचे काही भाग निकामी झाले, तरी उरलेले भाग कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत होते, त्यामुळे मुख्य पहारेकरी शांत होता. बोटावरचा ऑक्सिमीटर आणि सहा मिनिटे चालून पुन्हा मोजण्याची चाचणी यांचा तेव्हा महाराष्ट्रात आग्रह धरला गेला, तो अगदी रास्त होता. भावना जे सांगत नव्हती, ते आकडा सांगत होता.

उंचावर उलट पंचाईत होते. लेहच्या साधारण ३,५०० मीटर उंचीवर ऑक्सिजन कमी म्हणून श्वास वाढतो. वाढला की कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि तो उतरला की केंद्र हात आखडते. झोपेत या ओढाताणीत श्वास वाढत जातो, मंदावतो, काही सेकंद थांबतो, पुन्हा सुरू होतो. सोबत्याचा श्वास असा थांबताना पाहून हिमालयात गेलेले आपले ट्रेकर घाबरतात. निरोगी माणसाला उंचीवर असे होणे नेहमीचे आहे. सपाटीवर, हृदय थकलेल्या रुग्णात हाच ताल दिसला तर मात्र तो गंभीर इशारा असतो. डब्लिनचे चेन आणि स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवला तो याच अर्थाने.

फुप्फुसांकडून येणारी खबर

रसायनांखेरीज आणखी एक मोठा प्रवाह मेंदूकडे जातो, तो व्हेगस मज्जातंतूतून. १८६८ मध्ये व्हिएन्नात हेरिंग आणि ब्रॉयर यांनी दाखवले, की फुप्फुस फुगले की पुढचे फुगणे थांबवणारा संदेश याच वाटेने जातो. व्हेगस कापला की प्राण्याचा श्वास खोल आणि संथ होतो. नवजात बाळात ही प्रतिक्षिप्त क्रिया जोरकस असते. प्रौढात ती मुख्यतः खोल श्वासाच्या वेळी कामाला येते. हा ताण टिपणारे प्रथिन, पिझो-२, अलीकडे सापडले. ते शोधणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१च्या नोबेलचा वाटा मिळाला.

या कहाणीत एक महत्त्वाचे पान भारतीय आहे. अवतार सिंग पेंटल यांनी १९५५ मध्ये मांजरांच्या व्हेगसमधला एकेक तंतू सुटा करून त्यातले संदेश नोंदवले, आणि वायुकोशांच्या भिंतीत, सूक्ष्म रक्तवाहिन्यांना लगटून असलेली संवेदनाग्रे शोधली. त्यांना पुढे जे-रिसेप्टर हे नाव मिळाले. फुप्फुसाच्या भिंतीत पाणी झिरपू लागले की ही अग्रे उत्तेजित होतात आणि श्वास उथळ, जलद होतो. हृदय थकलेल्या माणसाला रात्री आडवे होताच धाप लागते, त्यात यांचा वाटा आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे दीर्घकाळ संचालक राहिलेल्या पेंटल यांचे नाव आपल्या शालेय पुस्तकांत असायला हवे.

१९५४ मध्ये फाउलर यांनी केलेला प्रयोग तर मुद्दाम जवळून पाहण्यासारखा आहे. माणसाने दम धरायचा आणि अगदी असह्य झाले की सोडायचा. त्याच क्षणी त्याला ताजी हवा न देता, ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेल्या हवेचे काही श्वास दिले. रक्ताची स्थिती जराही सुधारली नव्हती. तरी त्याला लगेच बरे वाटले आणि तो पुन्हा दम धरू शकला. म्हणजे गुदमरण्याच्या भावनेत रसायनाइतकीच हालचालीची भूक असते. केंद्राने मागितलेली हालचाल छातीने केली नाही, की ती तफावत असह्य होते.

श्वासमार्गाचे रक्षण करणाऱ्या क्रियाही याच जाळ्यातल्या. ठसका लागतो तेव्हा आधी खोल श्वास, मग स्वरयंत्राचे दार बंद, आत दाब, आणि दार उघडताच वेगाने हवा बाहेर, हे सारे निमिषार्धात जुळते. घास गिळताना श्वास क्षणभर थांबतो. पक्षाघातानंतर हा मेळ बिघडला की पाण्याचा घोटही फुप्फुसात जातो. अशा रुग्णाला मायेपोटी आडव्या स्थितीत चमच्याने भरवणे धोक्याचे आहे.

इच्छेचा अधिकार आणि त्याची मर्यादा

हृदय, आतडी, मूत्रपिंडे आपले ऐकत नाहीत. श्वास ऐकतो, पण काही वेळच. बोलणे, गाणे, दम धरणे यांचे आदेश मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागातून वेगळ्या वाटेने मज्जारज्जूत उतरतात. या दोन वाटा खरोखर वेगळ्या आहेत, हे आजारांनी दाखवले. सेतूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना सांगून श्वास घेता येत नाही, पण त्यांचा आपोआप श्वास चालू असतो. याउलट पीएचओएक्स-२बी या जनुकातल्या दोषाने जन्मलेली काही मुले जागेपणी ठीक असतात आणि झोपली की त्यांचा श्वास घ्यायचा राहून जातो. कार्बन डायऑक्साइड कितीही साठला तरी त्यांना गुदमरत नाही. त्यांना झोपेत यंत्राचा आधार लागतो.

इच्छेच्या या अधिकाराचा सर्वांत जुना, सर्वांत शिस्तबद्ध अभ्यास प्राणायामाने केला. तो प्रयोगशाळेत नेण्याचे काम महाराष्ट्रात झाले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ सुरू करून मोजमापे मांडायला सुरुवात केली. इटलीत बर्नार्डी यांनी २००१ मध्ये दाखवले, की मंत्र किंवा प्रार्थनेच्या जपाने श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि रक्तदाब सावरणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तत्पर होतात. प्राणायामाने ऑक्सिजन भरपूर मिळतो, हे लोकप्रिय स्पष्टीकरण शरीरशास्त्राला धरून नाही. निरोगी माणसाला त्याची कमतरताच नसते. संथ श्वासाचा गुण मज्जासंस्थेवरच्या परिणामात आहे, आणि तेवढा पुरेसा आहे. २०१७ मध्ये उंदरांत आढळले, की प्री-बॉट्झिंगर संकुलातल्या सुमारे पावणेदोनशे पेशी श्वासाची खबर जागृती वाढवणाऱ्या केंद्राला देतात. त्या काढल्या की उंदीर कमालीचे शांत होतात.

व्यायामाचे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. धावायला सुरुवात करताच, रक्तात काहीही बदलण्याआधी, श्वास वाढतो. १९१३ मध्ये क्रोग आणि लिंडहार्ड यांनी ते टिपले. स्नायूंना निघालेला आदेश वाटेत श्वासकेंद्रालाही कळतो, आणि स्नायूंकडून परत खबर येते, एवढे कळले आहे. इतका अचूक मेळ कसा बसतो, यावर आजही वाद आहेत.

श्वास मोजायला शिकू या

या सगळ्या ज्ञानाचा सर्वांत मोठा उपयोग एका साध्या कृतीत आहे. न्यूमोनियाने फुप्फुस ताठर झाले की खोल श्वास महाग पडतो. व्हेगसमधून येणारी खबर आणि कॅरोटिड बॉडीची हाक मिळून बाळाचा श्वास जलद करतात. हा वेग डोळ्यांनी मोजता येतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना हे शिकवले. मोजता न येणाऱ्यांसाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन बनवले: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वेळेवर ओळख आणि प्रतिजैविक मिळाल्याने तिथले बालकांचे न्यूमोनियाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले, आणि १९९० मध्ये ‘द लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला.

नियम आजही तोच आहे. बाळ शांत असताना, पोट उघडे ठेवून, पूर्ण एक मिनिट मोजायचे. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास असतील, तर बाळाला लगेच दवाखान्यात न्यायचे. छाती आत ओढली जात असेल तर क्षणाचाही विलंब नको.

मोठ्यांच्या बाबतीत मात्र आपण ढिसाळ आहोत. रक्तदाब, नाडी, ताप, संपृक्तता यंत्राने येतात आणि श्वासाचा वेग पुष्कळदा अंदाजाने लिहिला जातो. एका मागून एक रुग्णांच्या कागदावर तोच अठरा किंवा वीस दिसतो. वास्तविक प्रकृती ढासळण्याच्या आरंभीच्या खुणांत वाढलेला श्वास आघाडीवर असतो, कारण रसायने, फुप्फुसे, हृदय आणि मेंदू यांतले काहीही बिघडले तरी ती बातमी या एकाच जागी येऊन उमटते. रुग्णाला न सांगता एक मिनिट छातीकडे पाहायचे आणि मोजायचे, कारण सांगितले की त्याची इच्छा मध्ये येते आणि आकडा बदलतो. परिचर्येच्या प्रशिक्षणात, आशाताईंच्या कामात आणि घरातल्या आजाऱ्याच्या शुश्रूषेत या एका मिनिटाला पक्की जागा मिळाली, तर दोनशे वर्षांच्या संशोधनाचे चीज होईल.